पाणी कुठं मुरतंय

रात्रभर आभाळ झाकलेलं राहिलं.
पहाटे साडेचारला अंगणातल्या बादलीत बोट घातलं,
दुधावर साय धरते तेवढाही बर्फ नव्हता.
अर्धं उत्तर तिथंच मिळालं होतं,
तरी निघालो.

फ्लुरिन पुढे: भाचा, वय तेवीस, स्की नव्याकोऱ्या.
मागे मी आणि माझा जुना गुडघा.
दोन दिवसांत सत्तर सेंटिमीटर,
एप्रिलचा, जड,
शेवटी शेवटी तर चक्क पाऊसच.

लार्चच्या फांदीवरून एक गोळा निसटला,
घरंगळताना अंगाभोवती बर्फ गुंडाळत गेला
आणि त्याची सुरळी होऊन थांबला.
फ्लुरिननं फोटो काढला.
मी फावडं काढलं.

तुर्नियाच्या कडेला, छातीएवढा खड्डा.
वर नवा बर्फ, ओल्या भातासारखा.
मग एक तपकिरी रेघ:
मार्चमध्ये वाऱ्यानं आणलेली सहाराची धूळ.
तिच्याखाली बर्फाची पापडी,
आणि तळाशी जानेवारीचे दाणे, जाडाभरडा रवा.
वर शून्य अंश. मध्ये शून्य. तळाशीही शून्य.
"सगळीकडे सारखंच. म्हणजे स्थिर?"
म्हणजे, बाळा, कुणी कुणाला धरून नाही.

माझे वडील, दुरी, थर्मामीटर वापरत नसत.
मूठ आवळायचे.
थेंब गळला तर घरी जा.
धार लागली तर घरातही खिडकीशी बसू नको.
आमच्या बोलीत हिमलोटाला लाविना म्हणतात,
परक्याला वाटावं, गावातल्या कुणा मावशीचं नाव.
ते विचारायचेही तसंच:
काय म्हणते आज? कुठं पाणी मुरतंय?

एक खांब कापून मोकळा केला.
वर फावड्याचं पातं ठेवलं.
मनगटातून दहा टपल्या: काही नाही.
कोपरातून एक. दोन.
तिसरीला धुळीच्या रेघेवरून वरचा सगळा भाग
बिनआवाज पुढे आला,
कुणी ड्रॉवर उघडावा तसा.

तेवढ्यात फ्लुरिननं समोर बोट दाखवलं.
उताराच्या बरोब्बर मधून
कुणाच्या तरी स्कीच्या दोन रेघा,
आजच्याच,
सरळ पलीकडे गेलेल्या.
"ते गेले की."
गेले खरे.
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
गुडघ्याकडे होतं: तो आधीच वळला होता.

संध्याकाळी मी अहवालात चार लिहिलं.
वरच्या वाडीचा रस्ता बंद.
बेकरीवाल्या याकेननं फोनवर पावांचा हिशोब ऐकवला,
दोनशे दहा, सगळे शिळे होणार.

आज तिसरा दिवस.
तुर्निया जागच्या जागी आहे,
उन्हात चकाकते.
फ्लुरिन काही बोलत नाही,
फक्त दर तासाला तिचा फोटो पाठवतो.
चुकले असेन.
अशीच चुकत चुकत एकसष्ट वर्षांची झाले.

पहाटे बादलीवर साय धरली होती, काचेएवढी.
बोटानं दाबली.
खाली पाणी.