पर्यायी मार्ग

डावा पाय अजून माझं ऐकत नाही.
कृषीनगरच्या ट्रॅकवर, लाल मातीत
तो माझ्यामागे एक रेघ ओढत येतो.
तडवी मॅडम म्हणतात, काका, ही रेघ तुटली पाहिजे.

तीस वर्षं शालिमार ते नाशिकरोड रिक्षा मारली.
सिंहस्थात द्वारका बंद, रविवार कारंजा बंद,
हवालदार शिट्टी फुंकायचा : मागे घ्या!
मी मागे घ्यायचो, आणि कुठल्याशा बोळातून,
वाळत्या साड्यांखालून,
पॅसेंजर गाडीच्या वेळेला स्टेशनात.

आता डोक्यातच बॅरिकेड पडलंय.
चाला, मॅडम म्हणतात, रोज चाला,
पाय चालला की मेंदू बोळ शोधतो.
बघू.

शेवंता पुढे चालते, मुद्दाम वळून बघत नाही.
बाकापासून नळापर्यंत बेचाळीस पावलं.
काल 'नळ' हा शब्दच सापडेना,
म्हणालो, ते... पाणी उभं.
ती हसली. मीही, अर्ध्या तोंडाने.

आज नळाशी थांबून मागे पाहिलं.
रेघेत दोन जागा कोऱ्या होत्या,
वीत-वीतभर.
एवढ्यातून रिक्षा जायची नाही.
सायकल जाईल,
उतरून, हातात धरून नेली तर.