मधली नळी

चोडणच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उतरताना
जावाचं मागलं चाक बोललं.
किणकिण नव्हे, घरघर नव्हे,
घास चावताना दाढेखाली खडा यावा, तसं.

बोस्त्यांव कठड्यावर गरी टाकून बसला होता.
त्याला ऐकू येत नाही म्हणतात.
त्यानं नुसता हात ठेवला चाकाच्या तुंब्यावर,
मला गाडी चार पावलं ढकलायला लावली,
आणि विचारलं, "कोणें घाल्लें हें बेअरिंग?"

मीच घातलं होतं.
रविवारी, बलकांवात बसून, नारळ फोडायच्या हातोडीनं,
सरळ आतल्या कड्यावर ठोकून.

"आनी मदली नळी खंय?"

नळी घरी होती, नटांच्या डब्यात.
मला वाटलं होतं, ती जास्तीची आहे.

त्यानं शिवी दिली नाही.
दुसऱ्या दिवशी ते बेअरिंग उपटून
माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाला, फिरव.
फिरवलं.
छर्ऱ्यांच्या वाटेवर खाचा पडल्या होत्या,
जितके छर्रे तितक्या,
एकेक बोटाला लागत होती.
तीनशे किलोमीटर मी त्यांच्यावर बसून फिरलो होतो
शीळ घालत.

आरे सोडवण्यात एक आख्खी संध्याकाळ गेली.
छत्तीस आरे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
नवी बेअरिंगं रात्रभर
त्याच्या वहिनीच्या फ्रीजमध्ये, बांगड्यांच्या शेजारी
(दोन पिशव्यांत, नाहीतर वास ग्रीसला लागतो की ग्रीसचा बांगड्याला,
यावर त्या घरात अजून एकमत नाही).

आणि पहाटे, उंडे नि पोळ्या
सायकलींवरून गावभर गेल्यावर
रेजिनाच्या भट्टीत, उरल्या ऊबेवर,
आम्ही हब ठेवला.
ती म्हणाली, फुगणार नाही हा, खमीर घातलं नाहीस.
बोस्त्यांव म्हणाला, फुगतो. केसाएवढा फुगतो.
तेवढंच हवंय.

थुंकी चुरकली, तेव्हा काढला.
पहिलं बेअरिंग
आपणहून उतरलं खाली,
थड्,
पिकली फणी चिखलात पडावी तसं, हट्ट न करता.
मी हसलो.
हसण्यात वेळ गेला. हब निवत चालला.

मग नळी. पुसून, ग्रीस लावून, आपल्या जागी.
दुसरं बेअरिंग मात्र अर्ध्यावर अडलं.
त्यानं पेटीतून एक कडं काढलं,
कुठल्यातरी मेलेल्या बेअरिंगचं, बाहेरचं,
कडेनं घासून किंचित बारीक केलेलं.
नव्याच्या बाहेरच्या कड्यावर ते नीट बसवलं
आणि मला खाली वाकवलं, कान हबपाशी.
"म्हाका मनगटाक कळटा. पूण आतां मनगटूय म्हातारें जालें.
आवाज बदल्लो की सांग. एकूय ठोको चड नाका."

टक्.
टक्.
समोरच्या भिंतीवर सरडा थांबला.
टक्.
घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर, पुसायचा कसा?
टक्.
टंग.

"पुरे!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो
की रेजिना भट्टीबाहेर आली, हातात फावडं घेऊन.

त्याची हातोडी वरच राहिली.
करंगळी आत घालून त्यानं नळी चाचपली.
धरलेली, पण दाबलेली नाही.
आतलं कडं बोटानं फिरवलं:
सुती कापडावरून कापड सरकावं
तेवढाही आवाज नाही.
तो नव्हताच ऐकू शकत. माझ्या तोंडाकडे बघत होता.

पैसे त्यानं घेतले, पुरते घेतले, मोजून.
सर्क्लिप मात्र मला बसवू दिली.

आठवड्यानं चाक पुन्हा विणून झालं.
रायबंदरच्या फेरीत चढताना
काहीच झालं नाही.
मी दोनदा खाली बघितलं.

घरी जाऊन नटांचा डबा जमिनीवर उपडा केला.
एक वायसर, एक बुश,
एक स्प्रिंग, एक पितळी कॉलर:
अजून चार वस्तू निघाल्या
मला जास्तीच्या वाटलेल्या.
रुमालात बांधून ठेवल्यात.
गुरुवारी त्याची गरी कठड्यावर असते.