पुढे चाल

आठ हा आकडा मला कायम देखणा वाटत आला.
आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक.
पट्टी लावायची, कंस ओढायचे,
भाग्यपत्रिका कागदावर उतरते
जशी मागावरून चादर,
काठ सरळ, धागा कुठे लोंबत नाही.
एकवीस वर्षं मी विभागाची भाग्यपत्रिका काढतोय.

आज बैठकीपुढे तीन अर्ज.
एक करमाळ्याकडचा, शिक्का उलटा उमटलेला.
एक मंगळवेढ्याच्या फार्मसीचा, प्लॅस्टिकच्या फोल्डरात.
तिसरा विडी घरकुलातल्या मुलींच्या कॉलेजचा,
वहीच्या पानावर.
त्यांना मैदान नाही. दोन शेडमधल्या बोळात खो-खो खेळतात,
आठजणींना जागा नाही म्हणून पाचच बसतात.

प्राचार्य हत्तुरे म्हणाले,
विभाग म्हणजे काय धर्मशाळा आहे?
कलशेट्टी सरांनी खर्च मांडला:
फक्की, पंचांचा भत्ता, केळी, ढाली,
आणि पाण्याचे जार,
या गावात, जिथं नळाची वाट चार-चार दिवस बघायची.
जानेवारीत गड्डा, मार्चात ऊन,
मधले दिवस आणायचे कुठून?
सगळं खरं होतं.
मी इतिवृत्तात लिहून घेतलं.

मग म्हेत्रे मॅडम, ज्या सहसा बोलत नाहीत,
चष्मा पुसत म्हणाल्या,
आठ संघ, सात सामने. अकरा संघ, दहा सामने.
सामना म्हणजे एकाला घरी पाठवणं, दुसरं काय?
आपण फक्त तीन हरणारे वाढवतोय.
जिंकणारा एकच राहणार.
मग इथं घाबरतंय कोण?

पंखा फिरत राहिला.
कुणीतरी शेंगाचटणीची पुडी सोडली,
कडक भाकरी मोडल्याचा आवाज झाला,
तेवढंच उत्तर.

खरं उत्तर माझ्या कपाटात आहे.
अकरा ढाली, आमच्या कॉलेजच्या.
त्यातल्या चार वर्षी विभागात सातच संघ होते,
आठवी जागा रिकामी,
आणि चारही वेळा त्या रिकाम्या जागेसमोर आमचं नाव.
चिठ्ठी दस्तगीरच्या पोरानं काढली, सगळ्यांदेखत.
मी काही केलं नाही.
एका चिठ्ठीची घडी जरा जाड घातली होती,
एवढंच.
पुढे चाल.
न खेळता जिंकण्याला
आपल्याकडं किती गोड शब्द आहे.

ठरलं असं की विषय पुढील सभेत घ्यावा.
विषयालाही पुढे चाल मिळाली.

बाहेर सायकल स्टँडपाशी त्यांची कर्णधार थांबली होती,
लावण्या येमूल.
बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी,
गुडघ्यावर जुनी खपली, तिच्यावर नवी.
काय झालं सर?
विचार चालू आहे, मी म्हणालो,
आणि उगाच मोठ्या मनाचा होत पुढं बोललो,
घेतलं ना, तर पहिल्या वर्षी तुम्हाला पुढे चाल देऊ,
थेट दुसऱ्या फेरीत.

नको की सर, ती म्हणाली.
सामना द्या.
पहिला द्या, सकाळी सातचा.
दुपारी आईला पानं कातरून द्यायची असतात.

रात्री लाइट गेली होती.
मोबाइलच्या उजेडात मी कोरा कागद घेतला
आणि अकराची भाग्यपत्रिका काढून बघितली.
पाच जणांना पुढे चाल, कंस एका अंगाला कलंडलेले,
दोन रेघा एकमेकींवर चढलेल्या.
देखणी नाही.
म्हेत्रे मॅडम बघतील तर हसतील.
दस्तगीरला फोन लावला, फक्कीची तीन पोती जादा सांग.
तो म्हणाला, ठरलं का मग?
मी म्हणालो, नाही.

मग पेन्सिलीनं लिहिलं:
सामना पहिला, सकाळी सात, विडी घरकुल विरुद्ध,
आणि पुढच्या रेघेवर
चिठ्ठ्यांचा डबा न उघडता
आमचं नाव.