राज्य कुणावर

पहिल्या खेळीत शहर वसवायचं, हा नियम.
पडद्याच्या तळाशी गोल बटण, त्यावर इवलंसं घर.
ते दाबेपर्यंत इतिहास पुढे सरकत नाही.

अल्माटीत, चौथ्या मजल्यावर, फ्रीजच्या घुरघुरीशेजारी बसून
मी आमच्याच माणसांची संस्कृती रचते आहे.
पैसे बरे आहेत. मुदत शुक्रवार.
रकाने भरायचे: राजधानी, खास सैनिक, खास इमारत,
वीस शहरांची नावं,
स्वभाव (आक्रमक, व्यापारी, धार्मिक, यांपैकी कुठलेही दोन).

सैनिक सोपा गेला. धावत्या घोड्यावरून
मागे वळून बाण सोडतो.
परदेशातल्या प्रकाशकाला फार आवडला,
म्हणाले, टोपीला अजून थोडी फर चालेल.
इमारतीपाशी अडले.
यर्ट तासाभरात उतरतो, उंटावर चढतो,
मागे गवतात एक पिवळा गोल,
दहा दिवसांनी तोही नाही.

राजधानी: नाही, असं लिहिलं.
रकाना लाल.
उन्हाळ्यात डोंगर, हिवाळ्यात नदीकाठ, असं लिहिलं.
लाल.

ल्युद्मिला त्सोय खेळाचा समतोल बघते.
डब्यातली गाजराची तिखट कोशिंबीर खात म्हणाली,
"तुझी माणसं फिरतीच राहिली तर हरणार नाहीत,
वेढा घालायचा कशाला?
पण जिंकणारही नाहीत. गुण शहरांना मिळतात."
तिच्या आजोळाला सदतीस साली गाडीत भरून
समुद्रकाठावरून इथल्या गवतात आणून ठेवलं,
सोंगटी उचलून ठेवावी तसं.
त्या डावात त्यांना पाळी नव्हतीच.

आणि माझ्या पणजोबांसाठी ते बटण दुसऱ्यांनी दाबलं.
आधी मेंढ्या मोजल्या, मग नेल्या,
मग म्हणाले, आता इथेच राहा.
यर्ट सरळ ओळीत उभे करायला लावले.
ओळीत गवत नव्हतं.
घरात अकरा माणसं. चौतीसच्या वसंतात दोन.
कोष्टकात हे कसं मांडू?
अन्न: उणे नऊ?

पकडापकडीत राज्य आलं की पोरं रडवेली होतात.
राज्य म्हणजे भिंतीकडे तोंड करून आकडे मोजणं,
सगळे पळणार, तू एकटा मागे.
खेळाच्या खोक्यावर मात्र सोनेरी अक्षरांत: राज्य करा!
आजवर आम्ही या पटावर लिंबूटिंबू.
करड्या रंगाच्या टोळ्या, नाव नाही,
मारलं तर पंचवीस मोहरा.
आता निळा रंग मिळालाय. खुश व्हायला हवं.
झालेही होते, मंगळवारी.

गुरुवारी रात्री बटणावरचं घर पुसलं,
तिथे उंट काढला. वाईट काढला, बकरीसारखा दिसतो.
खाली लिहिलं: उठा.
मग शहरांची यादी.
अकरा नावं झऱ्यांची आणि खिंडींची,
तासबुलाक, जुसानदी, जिथे कुणी कायम राहिलं नाही.
बारावं: सेंबेक. तेरावं: जुपार.
मग ऊलबोसिन, पुढचा मुलगा व्हावा म्हणून
मुलीला ठेवलेलं नाव. मग तोक्तासिन.
कुठल्याशा देशातला शाळकरी पोरगा
गृहपाठ टाळून नदीकाठी जुपार वसवेल,
तिला तटबंदी करेल, धान्याचं कोठार देईल,
कुणी चालून आलं तर
तिच्यासाठी जेवायचा थांबेल.

अठरापर्यंत आले. पुढची दोन नावं
घरात कुणालाच माहीत नाहीत.
एक तर इतकं लहान होतं की
ठेवलंच नव्हतं म्हणे.
मोकळी जागा सोडली. लाल.

त्सोयनं माझ्या खांद्यावरून वाकून,
गाजराचा वास येणाऱ्या बोटांनी,
एकोणिसाव्या जागी मान-सिक लिहिलं,
विसाव्या जागी पुन-न्यो.
"गाडीतले," एवढंच म्हणाली,
आणि डबा धुवायला गेली.

शुक्रवारी पाठवलं.
सोमवारी उत्तर:
नावं सुंदर, उच्चारायला जरा जड.
बकरी कशासाठी?
आणि राजधानीचा रकाना अजून रिकामा दिसतोय.