आठवड्याचा कागद

सोहारच्या थिएटरात सकाळी आठला
सईद हमदुलेचं पोट उघडलं, दुसऱ्यांदा.
अकरा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स तो विसरला होता,
आतडी विसरली नव्हती:
एकमेकींना, पोटाच्या भिंतीला
घट्ट धरून बसलेली,
भ्यालेल्या पोरींसारखी.

डॉक्टर झुलैखा बलुशी कात्रीच्या टोकानं
एकेक पदर सोडवत गेल्या.
दोन तास.
मग म्हणाल्या, फिल्म.

मी हातमोजे बदलले. कोरडे हवेत,
ओल्या बोटाला लागली की ती बोटालाच बसते,
आणि एका तुकड्याला माझा अर्धा पगार.
कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
आतड्यावर टेकली, दिसेनाशी झाली.

आईचे हात आठवले,
फणस फोडण्याआधी खोबरेलानं माखलेले,
विळीचं पातंसुद्धा.
चीक येणारच, ती म्हणायची,
आपण त्याला बसायला जागा द्यायची नाही.

संध्याकाळी सईदनं विचारलं,
"बाय, आत काय ठेवलंस?"
कागद, म्हटलं. आठवड्यात विरघळेल.
"मंग?"
मग काय. तोवर ज्याची त्याची जखम भरते,
कुणी कुणाला धरून बसत नाही.

तो खिडकीबाहेर बंदराच्या क्रेन बघत राहिला.

कॉरिडॉरमध्ये त्याचा भाऊ,
एकाच खोलीत राहणारा, तीन वर्षं न बोललेला,
हातात लबानची गार बाटली.
अजून पाणीही द्यायचं नाही, मी सांगितलं.
त्यानं मान हलवली.
बाटली मांडीवर धरून
तिथंच बसला.