बारा पंचवीस

पान एकशे बारावर एक खांब आहे,
त्याच्या टोकापासून तिरपी उतरलेली तार
आणि दोन कोन : तीस, चाळीस.
याच खांबापाशी मी दोनदा नापास झाले.

वाय उजवीकडे, झेड वर,
आणि एक्स म्हणे कागदातून बाहेर, आपल्याकडे येतो.
येत नाही.
डाव्या कोपऱ्यात तिरपा पडून राहतो
दुपारी बाजेवर कलंडलेल्या पाहुण्यासारखा.
एक्स आणि वायमध्ये काटकोनाची खूण,
मी कोनमापक ठेवला तर एकशे पस्तीस.
ऐकायचं कुणाचं?

भिरूड सर म्हणाले, कोनमापक दप्तरात टाक.
चित्रातला कोन मोजायचा नसतो, वाचायचा असतो.
आधी विचार त्याला, कोणत्या जमिनीवर झोपलास.

मला तर अख्खा कागदच जमीन वाटायचा.
चाळीसचा कंस दिसला की तारेला लावायचे,
बल गुणिले कोसाइन चाळीस, आणि मोकळी.
मग एकदा सरांनी वर्गांची बेरीज करायला लावली :
तिन्ही कोसाइनांचे वर्ग मिळून एक व्हायला हवा.
माझ्या दोघांचेच झाले एक पूर्णांक चौतीस शतांश.
तिसऱ्याला उभं राहायलाही जागा नव्हती.

मेचा शेवटचा आठवडा. फैजपूर.
पारा सेहेचाळीसवर, लाईट सकाळपासून गेलेली,
गल्लीमागच्या केळीच्या बागेकडेला
रमजानचाचा तडवी खांबाचा ताण आवळत होते.
सरांचा फोन आला : बारा पंचवीसला खांबाशी ये,
डोक्याला ओला रुमाल बांधून ये,
आज सूर्य बरोब्बर डोक्यावरून जातोय.

गेले. केळीची पानं शिरेशी दुमडलेली,
रस्त्यावर चिटपाखरू नाही.
खांबाची सावली हळूहळू आखडत
त्याच्याच बुंध्यात शिरली.
माझीही पायाखाली गेली,
चाचांच्या पाण्याच्या कॅनचीही.

पण तारेची राहिली!
बुंध्यापासून खुंटीपर्यंत,
सरळ, काळी, सुतळीएवढी.

सरांनी बुंध्यापासून रस्त्याला समांतर
चुन्याची एक रेघ ओढली, सावलीवरून दुसरी.
बघ, म्हणाले, चाळीस हा इथे आहे,
रस्ता आणि सावली यांच्यात, मातीत.
तारेचा त्याच्याशी थेट संबंध नाही.
तारेचा आहे तीस, खांबाशी, तो हवेत.
खांब, तार, सावली मिळून एक उभं दार,
रस्त्यापासून चाळीस अंश उघडलेलं.
म्हणजे ताण आधी सावलीवर उतरव,
साइन तीस, निम्मा झाला,
मग त्या निम्म्याला रस्त्याकडे वळव.

इतकंच होतं.
दोन वर्षं मी दारालाच फरशी समजत होते.

चाचा ऐकत होते. म्हणाले,
सर, येवढं कायले लागते, भो? ताण बोलतो.
त्यांनी पकडीने तारेवर टिचकी दिली,
तार घुमली, खालच्या सुरात,
ते मान हलवून अजून दीड आटा आवळून आले.
सर थोडा वेळ गप्प होते.
मग म्हणाले, हे पण बरोबर आहे.
पेपरात चालत नाही फक्त.

बारा एकतीसला खांबाची सावली
वीतभर पूर्वेला बाहेर आली,
तारेची चुन्याची रेघ सोडून सरकली,
आणि मातीतला चाळीस चाळीस राहिला नाही.
आम्ही पाणी प्यालो.

जूनमध्ये पेपरात पुन्हा खांब,
दुसरे कोन, पंचवीस आणि साठ,
एक्स तसाच कोपऱ्यात लोळत.
मी पेन्सिल घेतली आणि
खांबाच्या डोक्यावर, झेडच्याही वर,
एक छोटासा गोल काढला,
त्याला चार-पाच किरण.

पर्यवेक्षक बाई वाकून म्हणाल्या,
हे काय काढलंस?
बारा पंचवीस, म्हटलं.