पंचेचाळीस मिनिटं

पुण्याच्या पोरांनी 'पाभर' परत काढली.
एक्केचाळीस वर्षांनी. जाड, काळी, वजनदार तबकडी.
वरचं चित्र तेच: चार नळ्यांची पाभर, तिला टेकवलेली गिटार,
आणि भुजंग, धोतरावर गॉगल.

सेलूच्या मोंढ्यात, रज्जाकभाईच्या दुकानात
रविवारी ऐकायला बसलो सातजण.
आवाज यायला नको म्हणून रज्जाकभाईनं पंखा बंद केला.
एप्रिल होता.

उंबरीकर मास्तरांनी पहिल्या कडव्यालाच मान हलवली, आडवी.
"हलगी धुऊन काढली हो ह्यांनी.
आपली कशी, आत्ताच जाळावर धरून आणल्यासारखी.
ही शोकेसमधली."

डिगांबर म्हणाला, "मला तर आज कळालं तुणतुणं हाय म्हणून.
इतके दिवस मी ती टेपची खरखर समजूलालतो."
मास्तर म्हणाले, "तुझे कानच डिझेलचे."
कोणी म्हणालं, भुजंग म्हातारा झाल्यावाणी वाटतोय.
कोणी म्हणालं, नाही, आपण झालोत.
प्रयागबाई काही बोलल्या नाहीत. पदरानं वारा घेत राहिल्या.

मग दुसरी बाजू, शेवटचं गाणं.
सगळे सरसावून बसले,
हे तर पाठच. सगळ्यांनी एका आवाजात:

*जाशील बाई जाशील, बांधाबांधानं जाशील,*
*वळून बघशील तर…*

आणि सातजण थांबले. जसे कायम थांबतात.
भुजंग थांबला नाही.

*वळून बघशील तर पाय घसरंल,*
*चिखल लई हाय, खाली बघून चाल.*

मग हलगी, मग गिटार, चाळीस सेकंद, मग संपलं.

"हे कुणी घातलं मधीच?" डिगांबर उठून उभा राहिला.
त्याच्या टरकाच्या मागं बावीस वर्षं लिहिलेलं होतं
वळून बघशील तर,
आणि खाली तीन टिंबं, पेंटरनं जास्तीचे पैसे घेऊन काढलेली.
मास्तरांनी त्या तीन टिंबांवर
गॅदरिंगला अर्धा तास भाषण केलेलं.
"चिखल?" ते म्हणाले. "चिखल?"

मी गप्प बसलेलो.

चौऱ्याऐंशी साली स्टेशन रोडला माझी टपरी होती, टेपा भरून देण्याची.
साठची कोरी कॅसेट नऊ रुपयाला, पंचेचाळीसची सहाला.
दुसरी बाजू टेपपेक्षा मिनिटभर मोठी.
मी तीन रुपयाकडं बघितलं.
मानवत, पाथरी, जिंतूर, पार पूर्ण्यापर्यंत
माझ्याच हातची 'पाभर' गेली, त्याच शब्दावर तुटलेली,
आणि तुटल्यावर टेपरेकॉर्डरचं बटण वर यायचं: खट्ट.
लग्नातली पोरं ते खट्टसुद्धा म्हणायची, तालात.

पुढची ओळ तालुक्यात एकट्या मला माहीत होती.
आधी सांगितली नाही गिऱ्हाईक तुटंल म्हणून,
नंतर सांगितली नाही, कारण
डिगांबरच्या टरकामागं लोक हात जोडताना मी बघितलेत.

आज सांगितलं. 
रज्जाकभाई आधी हसले, मग चष्मा काढून पुसला.
मास्तर म्हणाले, "तीन रुपये," आणि पुढं काही सुचेना त्यांना.
डिगांबर अजून उभाच.

प्रयागबाईंनी वारा घेणं थांबवलं.
"माझी थोरली सासरी निघाली," त्या म्हणाल्या,
"तवा बाया हेच गात होत्या.
वळून बघशील तर, म्हणल्या अन् रडाया लागल्या सगळ्या.
ती वळली नाही. खाली बघत चालली.
मला वाटलं, रागं भरली.
आठ दिसांची झड होती, बांध निसरडा झालेला."
थोडं थांबून: "परत लाव रे रज्जाक."

रज्जाकभाईनं सुई उचलली, मागं ठेवली.
डिगांबरची नात स्वरूपा, सात वर्षांची,
दारात कुल्फी खात उभी होती.
शब्द आला तशी सवयीनं मोठ्यानं म्हणाली,
खट्ट!

भुजंग आपला पुढं चाललेला, चिखलातून.